मोडेम लागतो आणि सुटतो: डायल-अप आणि फॅक्सची तीच ती तक्रार

तक्रार बहुतेक एकाच चालीची असते. मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरची माहिती आवाजाच्या रूपात पाठवणारं उपकरण, डायल करतो, पलीकडून उचललं जातं, नेहमीचं किंचाळणं होतं, कनेक्शन लागतं आणि थोड्या वेळात सुटतं. किंवा फॅक्सचं पहिलं पान सुरळीत जातं आणि दुसरं मध्यावर अडकतं. मग कोणीतरी विंडोज नव्याने टाकतं, कोणी मोडेम बदलतं, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. दोष बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये नसतो, मोडेममध्येही नसतो. तो भिंतीवरच्या टेलिफोन पॉइंटपासून रस्त्यावरच्या खांबापर्यंतच्या तारेत कुठेतरी असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी लाइनला कान लावायचा.

डायल-अपवर इंटरनेट आता कोण वापरतं, हा प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासूनची दहाएक वर्षं या मोडेमची होती आणि ती सरली. पण फॅक्स मोडेम अजून टेबलांवर आहेत. जपान-जर्मनीकडच्या पार्ट्यांशी व्यवहार असलेली ऑफिसं, जुन्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजचं, प्रोग्रॅमिंग करणारे, कुठलं तरी जुनं मशीन ज्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी सरकलंच नाही, यांना तो लागतोच. खालचं सगळं त्यांच्यासाठी.

एक सोय आधी सांगून ठेवतो. मोडेमच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या, मध्ये जागा न सोडता.

आधी ऐका

मोडेमचा स्पीकर बंद करून ठेवायची पद्धत पडली आहे, कारण तो आवाज कोणाला सहन होत नाही. पण निदानाची निम्मी माहिती त्या आवाजातच असते. हायपरटर्मिनल किंवा तसला कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, मोडेमचा कॉम पोर्ट निवडा, 'एटी' टाइप करून एंटर मारा. 'ओके' आलं तर कॉम्प्युटर ते मोडेम हा टप्पा ठीक आहे, तिकडे पुन्हा बघायची गरज नाही. मग 'एटीएम१एल३' द्या. कनेक्शन लागेपर्यंत स्पीकर मोठ्या आवाजात चालू राहील. आता 'एटीडीटी' आणि पुढे नंबर. आवाज नेमका कुठे अडतो ते लक्षात ठेवा.

डायलटोनच आला नाही, तर विंडोजमध्ये एरर ६८० दिसते. त्याच पॉइंटला साधा फोन लावून बघा. फोनवर टोन आहे आणि मोडेमला नाही, तर वायर मोडेमच्या 'लाइन'ऐवजी 'फोन' लिहिलेल्या खाचेत आहे का ते पाहा. हसू येईल, पण झाडलोट करताना वायर निघते आणि परत लावणारा दिसेल त्या खाचेत घालतो.

टोन आहे, पण मोडेमला तो टोन वाटत नाही, हीही गोष्ट घडते. ईपीएबीएक्सच्या आतल्या एक्स्टेंशनचा टोन वेगळा असतो. बाहेरच्या लाइनवर कॉल फॉरवर्डिंग चालू असलं की काही ठिकाणी टोन तुटक येतो. अशा वेळी 'एटीएक्स३' द्या, म्हणजे मोडेम टोनची वाट न बघता डायल करेल आणि बिझी टोन मात्र ओळखत राहील. विंडोजमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल करण्यापूर्वी टोनची वाट बघण्याचा चौकोन असतो, त्यावरची खूण काढली की हेच होतं. ईपीएबीएक्समधून बाहेर जायला शून्य किंवा नऊ लागत असेल, तर तो आकडा, मग स्वल्पविराम, मग नंबर. एका स्वल्पविरामाला साधारण दोन सेकंद थांबणं होतं.

पलीकडे रिंग जाते, उचललं जातं, शिट्टी येते, मग खरखराट सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो आणि शेवटी शांतता. हे दोन्ही मोडेम वेग ठरवण्यासाठी झगडत आहेत आणि लाइन त्यांना ठरवू देत नाही. इथे ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही, तार बघायची.

आणि सगळं व्यवस्थित लागून पासवर्डच्या वेळी ६९१ आली, किंवा ७१८ किंवा ७२० आली, तर तो मोडेमचा प्रश्नच नाही. मोडेमने आपलं काम केलंय. यूजरनेम, पासवर्ड, पलीकडचा सर्व्हर, प्रोटोकॉलचं सेटिंग यांपैकी काहीतरी.

लाइन

साधा फोन उचला, एकच आकडा दाबा म्हणजे टोन तुटेल, आणि त्या शांततेत काय ऐकू येतं ते ऐका. चांगल्या लाइनवर जवळजवळ काही ऐकू येत नाही. पापड मोडल्यासारखी करकर येत असेल, तर कुठला तरी जोड ढिला किंवा गंजलेला आहे. एकसुरी घूं-घूं येत असेल, तर लाइनमध्ये विजेचे ५० हर्ट्झ शिरले आहेत. तारेच्या दोन पायांपैकी एकाची गळती जमिनीकडे होते आहे, किंवा टेलिफोनची वायर विजेच्या वायरला चिकटून नेली आहे. दुसऱ्याचं बोलणं अस्पष्ट ऐकू आलं, तर बाहेरच्या केबलमध्ये जोड्यांची सरमिसळ किंवा ओल.

पावसाळ्यात ही चाचणी दोनदा करावी, कोरड्या दिवशी एकदा आणि झड लागलेली असताना एकदा. उन्हात लाइन स्वच्छ आणि पावसात करकर, असं असेल तर डीपी बॉक्समध्ये (जिथून घरोघरच्या तारा फुटतात तो बाहेरचा डबा) किंवा खांबावरच्या जोडात पाणी जातंय. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोडेम 'बिघडतात' आणि दिवाळीला आपोआप 'बरे' होतात, त्याचं कारण हेच. सकाळी चालतो आणि दुपारनंतर सुटतो या तक्रारीलाही पुष्कळदा असाच एखादा जोड कारणीभूत असतो, उन्हाने तापून सैल होणारा.

आता घरातला भाग वेगळा काढायचा. बाहेरून येणारी तार जिथे पहिल्यांदा आत येते, त्या पहिल्या रोझेटपाशी, म्हणजे टेलिफोनच्या डबीपाशी, जा. पुढची सगळी वायरिंग सोडवा: समांतर फोन, कॉलर आयडीचा डबा, बेडरूममध्ये नेलेलं एक्स्टेंशन, सगळं. फक्त मोडेम थेट तिथे लावा. आता नीट चालला, तर दोष तुमच्या घरात आहे आणि तो तुम्हीच काढू शकता. मी पाहिलेल्या बहुतेक घरांमध्ये गुन्हेगार एकच: बाजारातून आणलेली चपटी एक्स्टेंशन वायर, कपाटामागून, ट्यूबलाइटच्या चोकशेजारून आणि एक्स्टेंशन बोर्डाला वळसा घालून नेलेली. चपट्या वायरमधल्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्या विजेचा आवाज त्या सहज पकडतात. पीळ घातलेली टेलिफोनची जोडवायर वापरा आणि विजेच्या वायरपासून वीतभर तरी लांब न्या. विजेची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

हाताने पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले जोड सापडले, तर टेप काढून बघा. तांबं हिरवं पडलेलं दिसेल. नुसती टेप बदलून काही होत नाही. हिरवा भाग छाटून टाका, नवीन तांबं उघडं करा आणि सोल्डर मारा. नाहीतर आत ग्रीस भरलेले छोटे प्लास्टिकचे जोड मिळतात, ते दाबून बसवा. लाइनमनच्या पिशवीत ते असतातच.

मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाइनवर डीसी ४८ ते ५० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. फोन उचलला की ते दहाएक व्होल्टच्या घरात उतरतात. फोन ठेवलेला असूनही आकडा बराच कमी दिसला, तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादं उपकरण लाइन अर्धवट धरून बसलंय. मोजताना तारांना हात लावू नका. तेवढ्यात रिंग आली तर चांगला झटका बसतो.

सगळं सोडवूनही करकर तशीच राहिली, तर दोष बाहेर आहे. तक्रार नोंदवताना 'मोडेम लागत नाही' असं चुकूनही म्हणू नका. लाइनमन येतो, हँडसेट लावतो, 'आवाज येतोय ना साहेब?' म्हणतो, तक्रार बंद करतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. माणसाचा कान बरीच खरखर पोटात घालतो, मोडेम घालत नाही. 'आवाजात खरखर आहे, बोलणं तुटतं' एवढंच सांगा, आणि तो आला की एक आकडा दाबून ती शांतता त्यालाच ऐकवा. मग तो डीपीपर्यंत जातो.

लाइनला ब्रॉडबँडही असेल, तर मोडेम फिल्टरच्या, म्हणजे ब्रॉडबँड आणि फोन वेगळे करणाऱ्या डबीच्या, फोनकडच्या बाजूला लावलेला हवा. फिल्टरशिवाय लावला तर दोघंही एकमेकांना त्रास देतात.

मध्येच सुटणं

लाइन स्वच्छ आहे, तरीही कनेक्शन सुटतं, तर पहिला संशय कॉल वेटिंगवर. दुसरा फोन आल्याची बीप वाजली की मोडेमला क्षणभर समोरचा आवाज गेल्यासारखं वाटतं आणि तो फोन ठेवून देतो. ही सोय एक्स्चेंजकडून बंद करून घ्यावी. ते होईपर्यंत 'एटीएस१०=५०' देऊन पाहा. समोरचा आवाज गेल्यावर मोडेमने किती थांबायचं ते एस१० ठरवतो, सेकंदाच्या दहाव्या भागांत. पुष्कळ मोडेममध्ये तो मुळात १४ असतो, म्हणजे दीड सेकंदसुद्धा नाही. ५० केलं की पाच सेकंद मिळतात. दुसऱ्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलून 'हॅलो, हॅलो' करून ठेवत असेल, त्यावरही याने थोडा उतार पडतो. त्यावरचा खरा उपाय घरातल्या माणसांशी बोलून करायचा.

सुटण्याचं कारण मोडेमलाच विचारता येतं, हे फार कमी लोक वापरतात. कॉल तुटल्याबरोबर, मोडेम बंद न करता, टर्मिनलमध्ये रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपच्या बऱ्याच मोडेमवर 'एटी&व्ही१', ल्युसेंट-अगेरेवर 'एटीआय११', यूएस रोबोटिक्सवर 'एटीआय६' द्या. शेवटच्या कॉलचा पंचनामा समोर येतो: सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, किती वेळा पुन्हा जुळवाजुळव करावी लागली, कॉल कोणी तोडला. वेग ४५ हजार बिट प्रतिसेकंदावरून २६ हजारांवर आलेला आणि जुळवाजुळवीचा आकडा मोठा, तर लाइन. वेग शेवटपर्यंत स्थिर आणि फोन पलीकडच्याने ठेवला, तर वादच मिटला, पलीकडे फोन करून विचारा.

लाइन फारशी सुधारणारी नसेल, तर हव्यास सोडून वेग कमी करावा. ५६ हजार लिहिलेला मोडेम व्ही.९० प्रमाणावर चालतो, आणि ते प्रमाण असं गृहीत धरतं की तुमच्या घरापासून पलीकडच्या सर्व्हरपर्यंत ॲनालॉगचं डिजिटल एकदाच होतं. मध्ये एका जोडीवर दोन ग्राहक बसवणारं उपकरण असलं, किंवा कॉल ईपीएबीएक्समधून जात असला, तर ते गणित मोडतं आणि मोडेम उगाच वरच्या वेगासाठी धडपडत राहतो. 'एटी+एमएस=व्ही३४' दिलं की तो ३३,६०० च्या आतच बोलणी करतो. जुन्या रॉकवेल चिपवर 'व्ही३४'च्या जागी ११ हा आकडा लागतो. २८,८०० वर तासभर टिकणारं कनेक्शन ४८ हजारांवर पाच मिनिटांत तुटणाऱ्यापेक्षा केव्हाही बरं, आणि कॉलगणिक बिल असेल तर प्रत्येक अर्धवट जोडणी त्यावर एक कॉल म्हणून चढतेच.

फॅक्सचं वेगळं दुखणं

डायल-अप चालतं पण फॅक्स जात नाही, किंवा उलट, असं असेल तर त्याची कारणं निराळी आहेत.

एरर ६३३, म्हणजे मोडेम दुसऱ्या कोणाकडे तरी अडकला आहे. फॅक्सचं सॉफ्टवेअर आपोआप फॅक्स घेण्यासाठी पोर्ट धरून बसलेलं असतं आणि डायल-अपला तो मिळत नाही. विंडोजचा स्वतःचा फॅक्स प्रोग्रॅम सहसा समजुतीने पोर्ट सोडतो, पोर्टला थेट हात घालणारे जुने प्रोग्रॅम सोडत नाहीत. मागे उघडा राहिलेला हायपरटर्मिनलही हेच करतो. याच्याच जातीची दुसरी तक्रार अशी की गावाहून आजीने फोन केला आणि तिच्या कानात मोडेम किंचाळला. किती रिंगनंतर उचलायचं ते ठरवणारा मोडेमचा एस० शून्यावर नाही, तो स्वतःच रिंगला उत्तर देतोय. 'एटीएस०=०' करा आणि फॅक्स घेण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवा, तेही चार-पाच रिंगनंतर.

फॅक्सची बोलणी ३०० बिट प्रतिसेकंद या संथ वेगाने होतात आणि पान १४,४०० किंवा ९,६०० ने जातं. म्हणून ओळख व्यवस्थित पटते, समोरच्याचा नंबर स्क्रीनवर येतो आणि नेमकं पान सुरू झालं की गाडी अडते. उपाय तीन. सॉफ्टवेअरमध्ये कमाल वेग ९,६०० करा, मग ४,८०० करून बघा. दुसरं, चूक दुरुस्त करण्याची ईसीएम नावाची सोय. मध्यम लाइनवर ती पान स्वच्छ ठेवते, पण फारच वाईट लाइनवर तेच तेच तुकडे पुन्हा मागत बसते आणि कॉल संपून जातो. तिथे ती बंद केली तर पानावर चार रेघा येतील, पण पान पोचेल.

तिसरं, क्लास, म्हणजे फॅक्सचं काम मोडेम आणि कॉम्प्युटर यांनी कसं वाटून घ्यायचं ती पद्धत. 'एटी+एफसीएलएएसएस=?' विचारलं की मोडेम आपले क्लास सांगतो. क्लास १ मध्ये फॅक्सची सगळी बोलणी कॉम्प्युटर करतो आणि ती ठरलेल्या वेळेत व्हावी लागतात. जुन्या, अँटिव्हायरसने वाकलेल्या कॉम्प्युटरला ती वेळ गाठता येत नाही आणि समोरचं मशीन कंटाळून फोन ठेवतं. क्लास २ किंवा २.० मध्ये ते काम मोडेम स्वतः करतो. मोडेमला ते येत असेल तर तिकडे वळा.

बाहेरच्या, सीरियल पोर्टच्या मोडेमवर पानातल्या ओळीच गळत असतील, तर केबल तपासा. फक्त तीन तारांची केबल असेल तर मोडेम कॉम्प्युटरला 'थांब' म्हणू शकत नाही आणि माहिती सांडते. सगळ्या तारा असलेली केबल आणि सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (हा 'थांब' तारेने सांगणारा), एक्सऑन-एक्सऑफ नव्हे.

खरंच मोडेम किंवा ड्रायव्हर असेल तर

'एटी'ला उत्तरच येत नाही, किंवा ६३० किंवा ६९२ येते, तेव्हाच इकडे वळायचं. कॉम्प्युटरच्या आत कार्ड म्हणून बसणाऱ्या पीसीआय मोडेमपैकी बरेचसे अर्धेच मोडेम असतात. मोडेमचं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतात, म्हणून ड्रायव्हरशिवाय त्यांचा उपयोग नाही. ड्रायव्हर खोक्यावरच्या नावाने शोधू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाचा व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांक बघा, चिप कोणाची ते कळेल, आणि त्या चिपचा ड्रायव्हर घ्या. यादीत त्याच मोडेमची क्रमांक २, क्रमांक ३ अशी भुतं दिसत असतील, तर सगळी काढून, रीस्टार्ट करून एकच बसवा. डायल-अपचं कनेक्शन पुष्कळदा मेलेल्या भुताला बांधलेलं राहतं, तेही नव्याने जोडावं लागतं.

आणि वीज. वळवाच्या पावसात आणि पुढे हस्ताच्या गडगडाटात टेलिफोनच्या तारेने आलेला झटका मोडेमची फक्त लाइनकडची बाजू जाळतो. असा मोडेम 'एटी'ला 'ओके' म्हणतो, ड्रायव्हर नीट बसतो, डायग्नॉस्टिक्स पास होतं, पण डायलटोन ऐकू येत नाही. 'एटीएच१' देऊन पाहा, आत रिलेची टिक ऐकू यायला हवी, आणि समांतर लावलेल्या फोनवरून कळतं की त्याने लाइन उचलली की नाही. उचलत नसेल तर मोडेम गेला. दुरुस्तीला खर्च करू नका, बदला. नव्या मोडेमची वायर ढग दाटले की भिंतीतून काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, हा झटका टेलिफोनच्या तारेने येतो.

फायबर आल्यावर

काल चालत होतं, तांब्याची लाइन काढून फायबरच्या डब्यावर फोन दिला, आणि फॅक्स बंद पडला. तिथे वरचं काहीही करून फरक पडणार नाही. आता आवाज पाकिटांमध्ये तुकडे होऊन जातो. जी.७२९ सारख्या, बोलणं दाबून छोटं करणाऱ्या पद्धतीत मोडेमचा आवाज ओळखू न येण्याइतका विस्कटतो. सेवा देणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: माझ्या नंबरवर टी.३८ (पाकिटांवरून फॅक्स पाठवण्याची खास पद्धत) चालू करता येईल का, आणि नाहीतर निदान जी.७११ (आवाज फारसा न दाबणारी पद्धत) ठेवाल का. टी.३८ मिळालं तर फॅक्स नीट जातो. फक्त जी.७११ मिळालं तर वेग ९,६०० वर आणा, व्ही.३४ हा वेगवान फॅक्सचा प्रकार बंद करा, ईसीएम दोन्ही प्रकारे करून बघा. छोटी पत्रं जातील, वीस पानी करार जाईलच असं नाही.

डेटाच्या डायल-अपला मात्र टी.३८ चा उपयोग नाही, तो फक्त फॅक्ससाठी आहे. ईपीएबीएक्सचं किंवा जुन्या मशीनचं काम असेल तर १४,४०० किंवा त्याखाली, 'एटी+एमएस=व्ही३२बी' देऊन पाहावं. तेवढ्यावरही टिकलं नाही, तर त्या मशीनच्या सीरियल पोर्टला इथरनेटचं कन्व्हर्टर लावून मोडेम मधून काढूनच टाकावा.